टपाल आणि नियम चौदा

रविवारी सकाळी दाराला चिकटवलेली नोटीस कलमकाकांनी उभ्या उभ्या दोनदा वाचली, आणि त्यांच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते कौतुक होतं.

"वा," ते म्हणाले. "हल्ली असा मसुदा कोणी लिहीत नाही. ऐक जरा. 'सदर प्राणी कुटुंबप्रमुखाच्या पूर्ण आज्ञेत आहे, हे कुटुंबप्रमुखाने परीक्षकासमोर, कोणतेही साधन, आमिष अथवा खूण न वापरता, केवळ तोंडी आज्ञेने सिद्ध करावे. तसे न झाल्यास सदर प्राणी सात दिवसांत इमारतीबाहेर हलवावा.' बघ, कुठे फट म्हणून ठेवलेली नाही. माणसाने सुटायचं म्हटलं तरी सुटता यायचं नाही."

"कोणी लिहिलंय?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

काकांनी चष्मा वर केला. सही सेक्रेटरींची होती, पण मजकूर इमारतीच्या नियमावलीतून जसाच्या तसा उतरवलेला होता. नियम चौदा, पाळीव प्राणी. नऊ वर्षांपूर्वी ते स्वतः सेक्रेटरी असताना दोन रविवार खर्चून त्यांनीच तो लिहिला होता. काकू ओट्यावरचा हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, नोटीस पाहिली, आणि "आपलेच दात, आपलेच ओठ," एवढं म्हणून त्या परत आत गेल्या.

सदर प्राणी त्या वेळी बैठकीच्या खोलीत सोफ्याखाली पडून काकांच्या डाव्या चपलेचा अंगठा कुरतडत होता. उजवीचा मागच्या आठवड्यात संपला होता.

इथे काकांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ते स्वतः सांगायला बसले तर दोनावर थांबणार नाहीत. एका मोठ्या कचेरीच्या आस्थापना विभागात ते एकतीस वर्षं परिपत्रकं लिहीत आले होते. चहाला किती मिनिटं लागावीत, पंखा शेवटी उठणाऱ्याने बंद करावा की शेवटून दुसऱ्याने, रजेच्या अर्जावर सही उभी असावी की आडवी, हे सगळं त्यांच्याच लेखणीतून उतरलं होतं. कचेरीत कोणी त्यातलं काही पाळत असे असं नाही, पण नियम पाळला जातो की नाही हे बघणं दुसऱ्या विभागाचं काम होतं. इमारतीत त्यांना सगळे पाठीमागे कलमकाका म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि ही आपली थट्टा आहे असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

आणि कुत्रा? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, त्यातला प्रकार. कुत्रा मुलीचा. एका संध्याकाळी ती पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, टपाल आलंय." खोक्यातून एक ओलं नाक बाहेर आलं. नाव तेच पडलं. पुढे मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथल्या वसतिगृहात कुत्री ठेवायला मनाई होती. ती काकांना फोनवर तो नियम वाचून दाखवत होती, तेव्हा वाक्यरचना बरी आहे असं त्यांनी बोलूनही दाखवलं. "दोन महिने सांभाळा, मी घर बघते," असं सांगून ती गेली, त्याला आता आठ महिने झाले होते. "मी फक्त राखण करतोय," काका भेटेल त्याला सांगत. "मला कुत्र्याची आवड अशी नाही." हे सांगताना ते बहुधा त्याच्या कानामागे खाजवत असत.

नोटीस आली त्याला कारण घडलं होतं जिन्यात. सेक्रेटरींचं औषधाचं दुकान होतं, आणि त्या दिवशी ते दुकानाच्या पाटीवर लावायचा स्वतःचा फोटो काढून घ्यायला निघाले होते. अंगावर नवीकोरी साखरी रंगाची पँट. टपालला माणसं आवडत, आणि आवडलेल्या माणसाच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाहेर चिखल होता. फोटो कमरेपासून वरचाच काढावा लागला. शिवाय चार वर्षांपूर्वी काकांनी याच सेक्रेटरींना स्कूटर पिवळ्या रेघेच्या बोटभर बाहेर लावल्याबद्दल लेखी समज दिली होती. ती समज त्यांनी जपून ठेवली होती, हे काकांना आत्ता कळलं.

परीक्षा महिन्याभराने, रविवारी दहा वाजता, तळमजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत. आज्ञा तीन: बस, थांब, ये. परीक्षक नियमाप्रमाणे समितीचा अध्यक्ष. या वर्षी अध्यक्ष होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई.

"बाई?" काकू एकदम गंभीर झाल्या. "अहो, त्यांच्याच कुत्र्याला तुम्ही घालवलंत ना याच नियमाने?"

"घालवलं नाही. ते एक प्रकरण होतं. निकाली काढलं," काका म्हणाले, आणि त्यांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झालं. काकांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं, त्यात पट्टीने रकाने आखले: दिनांक, वेळ, दिलेली आज्ञा, झालेली कार्यवाही, शेरा. पहिल्याच दिवशी एक अडचण लक्षात आली. कुत्रा आज्ञा पाळत होता, पण काकूंची. काकू भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणत, "बस रे तिकडे," आणि टपाल बसे. पण नियमात 'कुटुंबप्रमुख' हा शब्द होता. नऊ वर्षांपूर्वी तो लिहिताना काकांना मोठं समाधान वाटलं होतं, आणि त्या शब्दाचा एक दिवस पुरावा द्यावा लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कारण या घरात त्यांचं शेवटचं कोणी ऐकलं होतं ते कधी, हे शोधायला जुनी रजिस्टरं काढावी लागली असती.

"बस," काका म्हणाले.

टपालने शेपूट हलवलं.

"टपाल, बस. ही सूचना समज."

टपाल उभाच. पहिल्या आठवड्यात चौऱ्याऐंशी आज्ञा दिल्या गेल्या आणि कार्यवाहीच्या रकान्यात चौऱ्याऐंशी वेळा 'निरंक' लिहिलं गेलं. काकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती, आणि सल्ला द्यायला कोणाला परवाना लागत नाही. दूधवाल्यापासून वीजमीटर वाचणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी कुत्र्याच्या शेपटाची आणि नळीची म्हण काकांना नवी असावी अशा थाटात ऐकवली. तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार मात्र घरात येऊन बसले. त्यांनी काकांचं 'बस' ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ही विनंती झाली," सुभेदार म्हणाले. "आज्ञा पोटातून निघाली पाहिजे. बेंबीपासून. कुत्र्याला शब्द कळत नाही, माणसाचा दम कळतो. म्हणा, थांब."

"थांब."

"हे तुम्ही रिक्षाला म्हणालात. परत म्हणा."

चार दिवस काका सकाळी जिन्यात उभे राहून बेंबीपासून 'थांब' म्हणत होते. पाचव्या दिवशी आवाज असा काही लागला की वरून उतरणारा पेपरवाला जागच्या जागी थांबला, दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या हातातली बादली थांबली, आणि गेटाशी निघालेल्या गाडीने ब्रेक दाबला. टपाल या सगळ्यांच्या मधून शांतपणे चालत फाटकाबाहेर गेला. त्याला परत आणायला काकू गेल्या. काकांचा घसा बसला, त्यामुळे बसण्याची आज्ञा निदान त्यांच्या एका अवयवाने पाळली असं सुभेदार म्हणाले, आणि पुढे ते आले नाहीत.

मग मुलीने फोनवरून एक मास्तर धाडले. कुत्र्यांना शिकवणं हाच त्यांचा धंदा. अंगात भरपूर खिशांचं जाकीट, बोलणं कमी. त्यांनी टपालला पाच मिनिटं न्याहाळलं आणि काकांना पंचवीस.

"कुत्रा ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हाला शिकवावं लागेल. सरळ उभे राहा. हात मागे नको, ऑफिसात नाही आपण. एका आज्ञेत एकच शब्द. 'सदर' नाही म्हणायचं. बसा बघू खाली. उठा. परत बसा."

काका पाच वेळा बसले, पाच वेळा उठले. टपालने हे सगळं कोपऱ्यातून लक्ष देऊन पाहिलं. गुडघ्यांची तक्रार सुरू झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "छान. तुम्ही लवकर शिकताय." एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांना इतका चांगला शेरा कोणी दिला नव्हता. तो कुत्र्यासमोर मिळाला याचं वाईट वाटावं की बरं, हे त्यांना ठरवता येईना. जाताना मास्तरांनी खरी युक्ती सांगितली: कुत्र्याने चुकून जरी ऐकलं तरी त्याच क्षणाला काहीतरी ठरलेला आवाज करायचा आणि बिस्किटाचा तुकडा द्यायचा. "चुटकी वाजवा, टाळी वाजवा, तुम्हाला जमेल ते. पण दर वेळी तोच आवाज, आणि आधी आज्ञा, मागून आवाज. उलटं करू नका."

काकांना चुटकी वाजवता येत नव्हती. टाळी त्यांना कमीपणाची वाटली. पण त्यांच्या कपाटात कचेरीतून बाद झालेला एक जुना लाकडी शिक्का होता, 'तपासले' या अक्षरांचा. झालेल्या कामावर शिक्का बसलाच पाहिजे, हे तर त्यांच्या रक्तातच होतं. त्या संध्याकाळी कंटाळून टपाल एकदाचा खाली बसला, तेव्हा काकांनी शाईच्या डबीवर शिक्का दाबून रजिस्टरवर ठाप्कन मारला आणि बिस्कीट दिलं.

टपालचे कान उभे राहिले.

पुढच्या दहा दिवसांत चमत्कार झाला. रजिस्टरमधलं 'निरंक' कमी होत होत संपलं आणि पानंच्या पानं जांभळ्या 'तपासले'ने भरली. काका ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता रजिस्टर उघडून बसत. कुत्रा समोर. 'बस', ठाप्, बिस्कीट. 'थांब', ठाप्, बिस्कीट. कचेरीत काय झालं, नवीन साहेब फायली कशा उलट्या लावतात, हे सगळं मधल्या वेळात ते त्याला सांगत आणि तो मान तिरकी करून ऐकून घेई. काकू दारात उभ्या राहून पाहत. मुलगी गेल्यापासून हा माणूस घरात एवढं बोलला नव्हता. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण बोललं की तो बंद होईल हे त्यांना ठाऊक होतं.

परीक्षेला पाच दिवस उरले आणि परवान्याची आठवण झाली. नियम चौदाच्या पोटात एक पोटनियम होता: परीक्षेच्या दिवशी नगरपालिकेचा वैध परवाना नसेल तर निकाल काहीही लागो, प्राणी बाहेर. काका रजा टाकून टपालला घेऊन नगरपालिकेत गेले.

खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिले, लसीचा दाखला पाहिला, कुत्रा पाहिला. "सोसायटीचं ना हरकत पत्र?"

"सोसायटी म्हणते, आधी परवाना आणा, मग ना हरकत."

"आम्ही म्हणतो, आधी ना हरकत, मग परवाना." कारकून हे अगदी शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. काकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. अशी गाठ मारायला अनुभव लागतो. ते स्वतःही एवढी सफाईदार गाठ आयुष्यात दोन-तीनदाच मारू शकले होते.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीत कोणाच्या तरी अर्जावर शिक्का बसला. ठाप्.

टपाल खाली बसला. ताठ, छाती पुढे काढून, नजर बिस्किटाच्या खिशावर.

"शहाणा आहे हो," कारकून म्हणाला.

पलीकडच्या खिडकीत ठाप्. बिस्कीट आलं नाही म्हणून टपाल उठला, पुन्हा बसला. मग तिसऱ्या खिडकीतल्या बाईंकडे जन्मनोंदणीच्या दाखल्यांचा गठ्ठा आला. ठाप्, ठाप्, ठाप्. टपाल उठून बस, उठून बस करू लागला. रांगेतली माणसं वळली. एका आजोबांनी आपला अर्ज मुद्दाम दोनदा शिक्का मारून घेतला. काकांनी घाईने खिशातली बिस्किटं पुढे केली, तीही संपली तेव्हा टपालने काउंटरवर पुढचे दोन्ही पाय ठेवून कारकुनाकडे आपलं येणं मागितलं.

सगळे हसत होते. काका एकटे गार पडले होते. त्यांनी वाकून हळूच म्हटलं, "टपाल, बस." टपालने त्यांच्याकडे पाहिलं आणि शेपूट हलवलं. "बस," ते पुन्हा म्हणाले. काही नाही. ठाप् झालं, की बसला.

म्हणजे महिनाभर कुत्रा काकांचं ऐकतच नव्हता. मास्तरांनी बजावलं होतं, आधी आज्ञा, मागून आवाज. पण काका पडले कचेरीतले. काम होण्याआधीच शिक्का मारून ठेवायची कचेरीतली सवय हाताला होती, आणि शब्द पुरा व्हायच्या आत तो पडत होता. टपाल ऐकत होता तो शिक्क्याचं. या बाबतीत तो कचेरीतल्या कोणाहीपेक्षा वेगळा नव्हता, पण ते काकांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

परवाना मिळाला. कारकुनाला करमणुकीची परतफेड करावीशी वाटली. "तात्पुरता देऊ का?" तो म्हणाला. "कसं लिहायचं तेवढं सांगा." काकांनी उभ्या उभ्या तोंडी मजकूर सांगितला: 'सोसायटीच्या परीक्षेच्या निकालाच्या अधीन राहून.' कारकुनाने लिहिता लिहिता मान डोलावली. दोन कलावंतांची भेट झाली होती, पण काकांचं लक्ष तिथे नव्हतं.

उरलेले चार दिवस त्यांनी शिक्का कपाटात बंद करून नुसत्या तोंडाने शिकवायचा प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी. ते 'बस' म्हणत आणि टपाल जाऊन कपाटासमोर उभा राही.

शुक्रवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "वर जाऊन बाईंना मुदत मागा. माणूस वाईट नाही ती."

"नियमात मुदतवाढ नाही."

"नियम कोणी लिहिला?"

काका तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंच्या दारासमोर उभे राहिले, घंटीकडे हात नेला, आणि त्यांची नजर खाली गेली. दाराच्या खालच्या भागात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओरखडे होते. जुने, खोल, वरून खाली. आत घ्या म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं पंजे मारले होते. दोन वर्षांपूर्वी इमारतीची सगळी दारं एकाच रंगात रंगवून घ्यावीत असा नियम झाला होता, तोही काकांचाच. बाईंनी दार रंगवलं होतं. पण ओरखड्यांवरून ब्रश फिरवला नव्हता. तेवढा पट्टा जुन्या तपकिरी रंगाचाच सोडला होता. दंड भरून सोडला होता. दंडाची पावती काकांनीच फाडली होती आणि पावतीवर 'अपूर्ण रंगकाम' असं लिहिलं होतं.

ते प्रकरण त्यांना आता नीट आठवलं. बाईंचा म्हातारा काळा कुत्रा परीक्षेत पैकीच्या पैकी उतरला होता. बस म्हटल्यावर बसला, थांब म्हटल्यावर थांबला, ये म्हटल्यावर आला. फक्त परवान्याचं नूतनीकरण अकरा दिवस उशिरा झालं होतं, कारण बाई आजारी होत्या. काकांनी लिहिलं होतं, 'कारण सबळ असले तरी नियमात तशी तरतूद नाही.' त्या वाक्याबद्दल कमिटीने त्यांची तारीफ केली होती.

घंटी न वाजवताच काका खाली आले. "काय म्हणाल्या?" काकूंनी विचारलं. "नव्हत्या घरी," काका म्हणाले. आतून रेडिओ ऐकू येत होता हे त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि टपालला सोफ्यावर चढू दिलं, जे रजिस्टरच्या पहिल्या पानाप्रमाणे सक्त मना होतं.

रविवारी दहाला मीटिंगची खोली भरली. जे लोक वार्षिक सभेला बोलावूनही येत नाहीत ते खुर्च्या घेऊन आले होते. सुभेदार पुढच्या रांगेत. टेबलामागे मध्ये बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, समोर टोक केलेली पेन्सिल. बाजूला सेक्रेटरी, गडद रंगाच्या पँटमध्ये. टेबलावर नियमावली, अर्ज, सोसायटीचा शिक्का आणि शाईची डबी.

काकांचा एक खिसा फुगलेला होता. सेक्रेटरींच्या ते लगेच लक्षात आलं. "काका, खिशात काय आहे?"

काकांनी शिक्का काढून टेबलावर ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कचेरीत त्याची कधी गरज पडली नव्हती, तिथे 'विचाराधीन' म्हटलं की भागत असे. "हा वाजवला की बसतो," ते म्हणाले. "नुसतं माझं ऐकत नाही."

"कोणतेही साधन, आमिष अथवा खूण न वापरता," सेक्रेटरींनी नियम वाचला. चवीने वाचला. "शब्द तुमचेच आहेत."

"हो," काका म्हणाले. "मसुदा चांगला आहे."

शिक्का बाजूला ठेवला गेला. बाई म्हणाल्या, "सुरू करा."

"टपाल, बस," काका म्हणाले. टपाल सुभेदारांचे बूट हुंगायला गेला. "थांब." तो परत आला. "ये." तो सेक्रेटरींकडे गेला, आणि जुन्या ओळखीने त्यांच्या मांडीवर दोन्ही पाय ठेवले. मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. काकू मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. बाई प्रत्येक आज्ञेपुढे पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नव्हती. अशा चेहऱ्यासमोर त्यांच्या शाळेत दोन पिढ्या थरथर कापल्या होत्या.

"तीन आज्ञा झाल्या," सेक्रेटरी म्हणाले. "निकाल स्पष्ट आहे. सात दिवस..."

"एक राहिली," बाई म्हणाल्या. "त्याला जा म्हणा."

"ती नियमात नाही," काका म्हणाले.

"परीक्षक मी आहे. म्हणा."

काकांनी टपालकडे पाहिलं. टपाल सगळं सोडून त्यांच्यापाशी आला होता आणि त्यांच्या नडगीला अंग टेकून उभा होता. काकांनी दोनदा तोंड उघडलं. बेंबीपासून सोडा, ओठांपासूनसुद्धा शब्द निघेना. शेवटी अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "जा."

टपालने वर पाहिलं, शेपूट हलवलं, आणि आणखी जरा रेलला.

"माझा गेला होता," बाई म्हणाल्या.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या भावाची गाडी आली होती. बस म्हटलं, गाडीत बसला. ओरडू नको म्हटलं, ओरडला नाही. जा म्हटलं, गेला. फार आज्ञाधारक होता तो. मागे वळून बघू नको असं मी सांगायला विसरले, तेवढं मात्र त्याने केलं. पुढे तीन महिने जगला."

एकतीस वर्षांत लिहिलेलं एकही वाक्य काकांना उपयोगी पडेना. "बाई, ते अकरा दिवस," ते म्हणाले, "मी लिहायला नको होतं. मी चुकलो. तेव्हा मला काही कळत नव्हतं."

"तेव्हा तुमच्याकडे कुत्रा नव्हता," बाई म्हणाल्या. त्यांनी नियमावली पुढे ओढली आणि पान उलटलं. "सेक्रेटरी, नियम चौदाचा शेवटचा पोटनियम वाचा. मोठ्याने."

सेक्रेटरींनी नाखुशीने वाचलं. "'परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील. त्याबाबत कारण देणे परीक्षकावर बंधनकारक राहणार नाही.'"

"हाही तुमचाच ना?"

"माझाच," काका म्हणाले. हा पोटनियम त्यांना सगळ्यात आवडायचा.

बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिलं. सेक्रेटरी वाकून वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा पडला. "पण बाई, तो एकदाही बसला नाही. इमारत काय म्हणेल?"

"शिक्का पडल्याशिवाय निर्णय होत नाही," बाई म्हणाल्या. "तेवढा पडू दे, मग म्हणू दे इमारतीला." त्यांनी सोसायटीचा शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि 'मंजूर' या अक्षरांवर मारला. ठाप्.

टपाल खाली बसला. ताठ, छाती पुढे काढून, भर सभेत, कुटुंबप्रमुखाच्या पायाशी.

आधी सुभेदार हसले, मग सगळी खोली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरींनी निकाल आधी आणि परीक्षा नंतर झाल्याची हरकत नोंदवायला पेन उघडलं, पण कोणत्या नियमाखाली नोंदवायची ते त्यांना सापडेना आणि काकांना विचारायची सोय नव्हती.

काकांचा हात सवयीने दुसऱ्या खिशात गेला. बिस्कीट निघालं. ते हातात धरून त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं.

"परीक्षा संपली," बाई म्हणाल्या. "द्या त्याला. तो ठरल्याप्रमाणे बसलाय." मग त्या टेबलाला वळसा घालून पुढे आल्या, आणि खुर्चीच्या पाठीचा आधार घेत सावकाश खाली वाकल्या. "किंवा असं करा, अर्धं मला द्या. माझ्या हातचं खातो का बघते."